भिंतीतली भेग

आमच्या जुन्या घराच्या सपरीत, उंबरठ्याच्या डाव्या हाताला, जमिनीपासून वीतभर उंचीवर एक भेग होती. मातीच्या भिंतीला भेगा पडायच्याच. आखाडात भिंत ओल पिते, दिवाळीच्या उन्हात आकसते, वैशाखात तडकते. सासूबाई दरवर्षी पांढऱ्या मातीत शेण आणि धानाचा कोंडा कालवून ती लिंपायच्या, आणि पुढच्या वर्षी ती त्याच जागी पुन्हा तोंड उघडायची. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून २००७च्या पावसाळ्यापर्यंत मी तिच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. घरातल्या भेगेकडे कोण पाहतं?

त्या पावसाळ्यात पाहिलं. बॅटरी घेऊन, गुडघ्यांवर बसून, श्वास रोखून.

गाव भंडारा जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या खोऱ्यातलं, धानाचं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईलच. मी तिथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची. गावातली सून आणि गावातली बाई, दोन्ही मीच. त्यामुळे मला घरातल्या गोष्टीही कळायच्या आणि शाळेतल्याही.

दुसरीत एक मुलगा होता. गावापासून अर्धा फर्लांग दूर जी टोली आहे, तिथला. अंगानं किडकिडीत, आवाज मात्र खणखणीत. पाढे म्हणायला उभा राहिला की शेजारच्या वर्गातले मास्तर दारात यायचे. त्याला एक खोड होती: माझ्या टेबलावरचे खडूचे तुकडे तो उचलायचा. अख्खे खडू नाही, लिहून उरलेली बोटाच्या पेराएवढी टोकं. त्यातही रंगीत असली तर हमखास. त्या मंगळवारी मी त्याला त्यावरून रागवले. खिसा उलटा करायला लावला. खिशात काहीच निघालं नाही.

बुधवारी तो आला नाही. रोवणीचे दिवस होते. मोठी मुलं पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पोचवायला बांधीत जातात, लहानी त्यांच्यामागे हुंदडत जातात, म्हणून कोणी शाळेत आलं नाही तर त्या दिवसांत मी चौकशी करत नसे. मधल्या सुट्टीत कळलं की त्याला रात्री ताप भरला, पहाटे उलट्या झाल्या आणि उजाडता उजाडता झटके आले. त्याचा बाप चिखलणीला गेलेला. घरातल्यांनी आधी अंगारा लावला, लिंबू उतरवलं. मग बाजाराच्या गावच्या डॉक्टरकडे नेलं, तिथं सुई दिली, ताप थोडा उतरला, सगळ्यांना हायसं वाटलं. दुपारी पुन्हा झटके आले आणि शुद्ध गेली. तेव्हा १०८ ची गाडी नव्हती. जीप ठरवायला दीड तास गेला. नागपूरच्या वाटेवरच तो गेला. मंगळवारी माझ्यासमोर उभं राहून बेचा पाढा म्हणणारं लेकरू बुधवारी दिवस बुडायच्या वेळी मातीत.

पाचव्या दिवशी त्याच टोलीतली चार वर्षांची एक मुलगी तशीच पडली.

दोन घरांत पाच दिवसांत हे घडलं, आणि मग गाव भ्यालं.

भ्यालेलं गाव कसं असतं ते मी तेव्हा पाहिलं. आधी तर कोणी काही बोलत नाही. बाया विहिरीवर लवकर येतात आणि लवकर जातात. मग हळूच कोणीतरी म्हणतं, टोलीतलं पाणी बाटलं. दुसरं म्हणतं, डुकरांमुळे झालं. तिसरं म्हणतं, त्या घरावर कोणी काही केलं. दूध गोळा करणाऱ्यानं सांगून टाकलं, "टोलीतलं दूध नोको मले, बाकीच्याइचं नासवते." शेजारच्या गावातून रोवणीला येणाऱ्या बायांची टोळी आली नाही. पऱ्हे उपटून ठेवलेले, बांधीत पाणी भरलेलं, आणि हात नाहीत. ज्यांच्या घरात कोणीही आजारी नव्हतं अशा माणसांची रोवणी पंधरा दिवस मागे पडली. माझ्या वर्गात ३१ मुलं होती. त्या आठवड्यात ९ यायची. त्यांतलं टोलीतलं एकही नव्हतं.

आया शाळेच्या फाटकाशी उभं राहून विचारायच्या, "बाई, साथीचा रोग होय ना हा? मंग पोट्ट्याइले शाळेत कायले धाडाचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या माझ्याकडे पाहायच्या, कारण मी शिकलेली. आणि मी तरी काय केलं? आठ वर्षांच्या माझ्या मुलाला शनिवारच्या गाडीनं माहेरी धाडलं. वर्गातली ती पट्टी, जिच्यावर तो मुलगा बसायचा, ती गुंडाळून मागच्या खोलीत टाकली. त्याच्या घरी गेले नाही. पोळ्यापर्यंत गेले नाही. शाळेला जायचा माझा रस्ता टोलीच्या तोंडावरून जायचा, तो सोडून मी तलावाच्या पाळीवरून चिखल तुडवत जाऊ लागले. हे मी कोणाला सांगितलं नाही, पण गावात कोण कुठून जातं ते सगळ्यांना दिसतं. बाई वाट बदलून जातात हे बघितल्यावर आयांना फाटकाशी उभं राहून विचारायची गरजच उरली नाही.

हे लिहायला मला इतकी वर्षं लागली ती याचमुळे.

ती मुलगी पडल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मातामायच्या ठाण्यापाशी गाव जमलं. बांधणी करायची, वर्गणी काढायची, वेशीबाहेरच्या माणसाला दोन दिवस येऊ द्यायचं नाही. ज्यांनी वर्गणी दिली त्यांना मी तेव्हा मनात अडाणी म्हटलं. आज म्हणत नाही. माझ्या आजीची आई सांगायची की प्लेगच्या साली घरात उंदीर मरून पडला की माणसं घर उघडं टाकून वावरात झोपड्या बांधून राहायची. त्यांना पिसवा ठाऊक नव्हत्या, जंतू ठाऊक नव्हते, पण उंदीर मेले की घर सोडायचं हे अगदी बरोबर होतं. देवी यायच्या तेव्हा दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधायचा आणि बाहेरच्यानं त्या घरात पाऊल टाकायचं नाही. देवीचा रोग माणसापासून माणसाला होत होता, म्हणजे तेही बरोबर होतं. भारतातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला, पण डहाळ्याचा अर्थ गावाच्या अंगात मुरलेलाच राहिला. पटकीच्या साथीत वरच्या मोहल्ल्यानं खालच्या मोहल्ल्याच्या विहिरीचं पाणी बंद केलं असेल, तर त्यातही शहाणपण होतं.

म्हणजे गावाची भीती खोटी नव्हती. ती दुसऱ्या रोगांची होती. पिढ्यान् पिढ्या माणसं मेली, त्यातून जी उरली त्यांनी जे शिकून ठेवलं, ते सगळं गावानं या नव्या रोगापुढे मांडलं. आणि यातलं काहीच या रोगाला लागू पडत नव्हतं, कारण हा रोग माणसापासून माणसाला होतच नव्हता.

हे आम्हाला नर्सबाईंनी सांगितलं.

नर्सबाई उपकेंद्राच्या. पाच गावं त्यांच्याकडे. पावसात छत्री उलटी होते म्हणून डोक्यावरून युरियाचं पोतं घेऊन यायच्या. चार वर्षांची ती मुलगी पडली तेव्हा पहिल्या झटक्यालाच नर्सबाई योगायोगानं टोलीत होत्या. त्यांनी अंगाऱ्याला हात लावू दिला नाही, कोणाची वाट पाहिली नाही. सरपंचाच्या भावाची जीप उभी होती, तिच्यात मायलेकींना बसवून स्वतः नागपूरपर्यंत गेल्या. वाटभर मुलीला कुशीवर धरून. मुलगी अकरा दिवसांनी घरी आली. लवकर नेली म्हणूनच वाचली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, या रोगात लवकर नेलेली लेकरंही गेली आहेत. यावर औषध नाही, लस नाही. ताप उतरवायचा, झटके थांबवायचे, मेंदूची सूज वाढू द्यायची नाही, श्वास चालू ठेवायचा, एवढंच डॉक्टरांच्या हातात. पण हे सगळं करायला लेकरू दवाखान्यात असावं लागतं, आणि हा रोग एक-दोन दिवसांच्या वर वेळ देत नाही. अंगारा, लिंबू, एक सुई आणि दीड तासाची जीप, एवढ्यात तो वेळ संपतो.

तिचं रक्त पुण्याला गेलं. रिपोर्ट आला: चांदीपुरा.

गावात पहिल्यांदा ते नाव आलं तेव्हा आमचे एक काका चमकून म्हणाले, "चांदीपुरा? थे तं आपल्या नागपूरकडचं गाव होय!"

होय, आपल्याकडचंच. १९६५ साली नागपूर भागात तापाची मोठी साथ आली होती, डेंग्यू आणि चिकुनगुनियाची. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ, म्हणजे आज ज्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात तिथले, रक्ताचे नमुने तपासत होते. दोघांच्या रक्तात त्यांना अगदी वेगळाच विषाणू सापडला. पिसाळलेल्या कुत्र्यापासून होणाऱ्या रोगाचा विषाणू ज्या कुळातला, त्याच कुळातला. त्याला त्यांनी गावाचं नाव दिलं. पुढे जवळजवळ चाळीस वर्षं तो कोणाच्या फारशा खिजगणतीत नव्हता. मग २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ गेली, आणि शोध घेता घेता हेच नाव निघालं. त्या वर्षी आपल्याकडेही लेकरं दगावली. आमच्या गावात जे झालं त्या पावसाळ्यात, २००७ च्या जून ते सप्टेंबरात, नागपूर विभागात मेंदूज्वराची ७८ मुलं दवाखान्यांत नोंदली गेली, त्यांतल्या ३९ जणांत चांदीपुरा सापडला. शंभरात त्रेचाळीस-चव्वेचाळीस मुलं वाचली नाहीत. माझ्या दुसरीतल्या मुलाचं रक्त कोणी घेतलंच नव्हतं, तेव्हा तो या आकड्यांत आहे की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

त्या नावाचा मी पुष्कळ विचार केला आहे. एखाद्या गावाचं नाव रोगाला दिलं की त्या गावच्या मुलीला स्थळ येताना काय होत असेल? त्या गावचा माणूस बाजारात धान घेऊन गेला आणि व्यापाऱ्यानं गाव विचारलं तर? आमच्या गावाचं नाव रोगाला दिलं नव्हतं, नुसतं पेपरात आतल्या पानावर चार ओळींत छापून आलं होतं, तेवढ्यानं दोन लग्नांच्या बोलण्या दिवाळीपर्यंत पुढे गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की यापुढे नव्या रोगांना गावांची, देशांची, माणसांची, प्राण्यांची नावं देऊ नका. चांगलं केलं. जुनी नावं मात्र तशीच राहिली. म्हणून मी माझ्या गावाचं नाव लिहीत नाही.

आणि ज्याच्यापासून रोग होतो त्याला आमच्या गावात कोणी नावानं ओळखत नव्हतं. सरकारी कागदावर लिहितात वाळूमाशी, डॉक्टर म्हणतात सँडफ्लाय. डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, दोन-तीन मिलिमीटरची, अंगावर केस, मातकट रंग. डास कानाशी गुणगुणतो, ही आवाजच करत नाही. नीट उडतही नाही, भिंतीवरून टुणटुण उड्या मारल्यासारखी जाते, आणि जमिनीपासून फार उंच चढत नाही. दिवसा अंधारात, ओलीत, भेगेत बसून राहते. रात्री निघते. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून सहज आत जाते. अंडी घालते ती शेणाच्या ढिगाजवळच्या, कुजलेल्या पाल्याच्या ओल्या मातीत. आता आमच्या घरांचा विचार करा: मातीची भिंत, भिंतीला लागून गोठा, गोठ्यामागे खाताचा गड्डा, आणि जमिनीवर चटई टाकून ओळीनं झोपलेली लेकरं. बाजेवर म्हातारी माणसं झोपतात, जमिनीवर लहान. ती लहान पोरंच तिच्या वाट्याला येतात.

पुण्याहून माणसं आली होती तेव्हा त्यांतला एक तरुण आमच्याही सपरीत आला. पहाटे पाचला. हातात बॅटरी आणि काचेची नळी, नळीला रबर जोडलेलं. भिंतीवर उजेड धरायचा, माशी दिसली की रबरातून हलकेच श्वास ओढून तिला नळीत घ्यायचं. त्यानं माझ्या डाव्या हाताच्या त्या भेगेवर उजेड टाकला, मला खाली बसायला सांगितलं आणि म्हणाला, "बाई, बघा." मी पाहिलं. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उभे धरून दोन माश्या बसल्या होत्या. इतक्या लहान, की त्यानं दाखवलं नसतं तर मातीचा कण समजून मी लिंपून टाकलं असतं. माझा मुलगा त्या भेगेपासून दोन हातांवर झोपायचा. मी त्याला माहेरी धाडलं होतं टोलीतल्या लेकरांच्या भीतीनं, आणि टोलीत घराघरांत जे होतं तेच माझ्या सपरीत होतं.

त्याच सकाळी मी शाळेत जुन्या रस्त्यानं गेले. टोलीवरून.

नर्सबाईंनी सभा घेतली नाही. सभेत बाया बोलत नाहीत आणि माणसं ऐकत नाहीत, असं त्या म्हणायच्या. त्या घरोघर जायच्या, दारात बसायच्या, पाणी मागायच्या. मग उठून भिंतीवरून हात फिरवायच्या आणि भेगेत बोट घालून म्हणायच्या, "मानसापासून मानसाले होत नाही हा. माशीपासून होते. अन् माशी कुठं हाये, तं इथं हाये." बस. टोलीतल्या बायांच्या हातचं पाणी त्या सगळ्यांदेखत प्यायच्या. मी त्यांच्यासोबत फिरू लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या एका शब्दानंही 'भिऊ नका' म्हणत नव्हत्या. उलट म्हणायच्या, "भेवा. लेकरू जाते यानं, भेवाचंच. पण मानसाले नोका भेऊ. भिंतीले भेवा."

त्यावर लोकांनी धुराच्या मशीनचा आग्रह धरला होता. ग्रामपंचायतीनं ती आणली. संध्याकाळी पांढरा धूर गल्लीतून गेला, पोरं मागे धावली, माणसांना बरं वाटलं. डोळ्यांना दिसेल असं काहीतरी झालं, एवढं समाधान भ्यालेल्या माणसाला लागतंच, मी ते कमी लेखत नाही. पण रस्त्यातला धूर सपरीतल्या भेगेत खोलवर कितीसा जाणार? मलेरियावाले पंप घेऊन आले, त्यांनी आतून भिंतींवर फवारा मारला, ते काम अधिक मोलाचं. तरी सगळ्यात अवघड काम उरलंच होतं. भेगा बुजवायच्या आणि शेणाचे ढीग घरापासून दूर न्यायचे.

आणि हे कधी? भर आखाडात. एक म्हातारी नर्सबाईंना म्हणाली, "आखाडात लिंपन सुकते का वो बाई?" तिचं म्हणणं खरं होतं. पांढऱ्या मातीची खाण पाण्यानं भरलेली. लिंपण ओलं राहिलं तर दुसऱ्या दिवशी गळून पडतं. याचं उत्तर ना पुण्याच्या माणसांकडे होतं ना माझ्या पुस्तकांत. ते त्या म्हातारीनंच शोधलं. पोळ्यासाठी म्हणून घराघरांत माळ्यावर, मडक्यांत थोडी थोडी वाळकी माती ठेवलेली असते. ती काढली, तिच्यात चुलीतली राख मिसळली, शेण कमी घातलं, पाणी अगदी बेतानं. बाहेरच्या भिंती सोडून दिल्या, आतल्या घेतल्या, आणि चूल नेहमीपेक्षा जास्त वेळ पेटती ठेवली. ज्यांच्याकडे संडासाच्या बांधकामातलं सिमेंट उरलं होतं त्यांनी ते वापरलं. राखेच्या लिंपणावर करड्या रेघा उठल्या. भिंती आजारातून उठलेल्या माणसासारख्या दिसू लागल्या, पण भेगा बुजल्या.

शेणाचे ढीग हलवायला माणसं तयार नव्हती. रोवणी आधीच मागे पडली होती, त्यात हे. बायांनीच टोपल्यांनी वाहिले, दिवसभर रोवणीत वाकून आल्यावर, रात्री. मी माझ्या वर्गातल्या मुलांना घरचा अभ्यास दिला: घरातल्या भेगा मोजून या. एकानं ६४ मोजल्या. दुसऱ्यानं ७०. मग चढाओढ लागली. दुसऱ्या आठवड्यात विचारलं, किती उरल्या? मुलं बोटांवर मोजून सांगू लागली. माझ्या वर्गात पुन्हा २० च्या वर डोकी दिसू लागली.

हे सगळं सांगताना असं वाटेल की गाव सुधारलं. तसं नाही. दूधवाला दसऱ्यापर्यंत टोलीत गेला नाही. मातामायपाशी बांधणी झालीच, तिथं कोंबडा कापला, नर्सबाई तिथंही गेल्या आणि प्रसाद घेऊन आल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, मी गेले नाही तर उद्या माझ्या भेगा कोण ऐकेल? आणि १३ वर्षांनी, २०२० च्या उन्हाळ्यात, त्याच गावाच्या वेशीवर बांबू आडवे पडले. नागपूरहून, हैदराबादहून पायी आलेली आपलीच पोरं माझ्या शाळेच्या खोल्यांत चौदा-चौदा दिवस राहिली. या वेळी रोग माणसापासूनच माणसाला होणारा होता, दूर ठेवणं बरोबर होतं. पण दूर ठेवणं आणि टाकून देणं यात फरक आहे, तो फाटकाबाहेर ठेवलेल्या जेवणाच्या डब्यावरून कळायचा. काही डबे गरम असायचे, वर फडकं बांधलेले. काही डबे यायचेच नाहीत. नर्सबाई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. आशाताई होती, टोलीतलीच. ती त्या चार वर्षांच्या मुलीची मावशी. तिनं न आलेल्या डब्यांची यादी केली आणि त्या-त्या घरी जाऊन दारात बसली, पाणी मागितलं.

जुलै २०२४ मध्ये टीव्हीवर पुन्हा ते नाव ऐकलं. गुजरातेत लेकरं जात होती. ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशभरात मेंदूज्वराचे २४५ रोगी, ८२ मृत्यू, त्यांतल्या ६४ जणांत चांदीपुरा पक्का. पडद्यावर लाल अक्षरात नाव, मागे भीतीदायक संगीत, आणि 'साथीचा कहर'. भेगेचं कोणी नाव काढत नव्हतं. मी आशाताईला फोन केला. ती म्हणाली, बाई, मी कालच बॅटरी घेऊन निघाली.

आता त्या घराचं सांगायचं उरलं आहे.

पोळा झाला त्या वर्षी, पाऊस उघडला होता. पोळ्याच्या संध्याकाळी आमच्याकडे दारात पळसाच्या फांद्या ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्या उचलून, आरोळ्या ठोकत गावाबाहेर नेऊन टाकतात. "इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" नागपुरात मारबतीचे मोठे पुतळे निघतात, काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून, हजारो माणसं जमतात. आमच्याकडे नुसती पोरं आणि पळस. मुलं जे जे नकोसं ते जोडत जातात: ढेकूण, माश्या, मच्छर, खासी, खोकला. त्या सकाळी माझ्या दुसरीतली पोरं ओरडत चालली होती, "भेगीतली माशी घेऊन जा गे मारबत!" कोणी शिकवलं नव्हतं.

टोलीच्या तोंडाशी ती उभी होती, त्या मुलाची माय. हातात पळसाची फांदी, पण फांदी न्यायला घरात कोणी पोर नव्हतं. मुलं थांबली. मी त्यांच्यामागे होते. मग माझ्या मुलानं जाऊन तिच्या हातातली फांदी घेतली आणि पोरं पुढे गेली.

मी तिथंच राहिले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तिच्या दारात. तिनं बसायला पोतं टाकलं. मी काय बोलणार होते? आत पाहिलं तर सगळ्या टोलीच्या भिंतींवर राखेच्या रेघा, आणि हिची भिंत तशीच. कोणी आलंच नव्हतं हिच्याकडे, आणि ही उठलीच नव्हती. मी घरी जाऊन पाटीभर माती आणि राख घेऊन आले. तिनं काही विचारलं नाही. पदर खोचला आणि माझ्याशेजारी बसली. आम्ही दारापासून सुरुवात केली.

चुलीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथं तो झोपायचा, तिथं एक मोठी भेग होती. मी माती लावायला गेले तर तिनं माझा हात धरला. भेगेत दोन बोटं घातली आणि एकेक करून बाहेर काढलं. खडूची टोकं. पांढरी, पिवळी, एक गुलाबी. ओलीनं मऊ पडलेली. अकरा का बारा. तिनं ती आपल्या तळव्यावर ठेवून माझ्यापुढे धरली, कारण ती शाळेची होती.

मी नको म्हटलं. मला दुसरं काही म्हणताच आलं नाही.

ती थोडा वेळ तशीच बसली. मग तिनं ती सगळी टोकं जशी काढली होती तशी, एकेक, पुन्हा आत ठेवली, माझ्या पाटीतला मातीचा गोळा उचलला आणि भेगेवर दाबून अंगठ्यानं सारखा केला. खालपासून वरपर्यंत.

"बाई," ती म्हणाली, "पानी आना थोडं. माती सुकून रायली."